होळीत टाकलेला दाखला

ता. ३ फेब्रुवारी १९२४, रविवार. मलकापूर.

"मुलींकडे लक्ष ठेवतात."

हे माझं वर्णन! माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात लिहून घेतलं मेल्यांनी!

झालं असं. शाळेला पैसा पुरवणारे महादेवराव शेठ आता हात आखडता घेऊन राह्यले. असहकाराची चळवळ थंडावली, शेठजीही थंडावले. म्हणून सरकारी ग्रँट मागायची असं ठरलं. ज्या सरकारच्या शाळा सोडून ही शाळा काढली, त्याच सरकारापुढे पदर पसरायचा. बरं, तेही एक वेळ चालेल. पोरं तर शिकली पाहिजेत. तर आता शिक्षण खात्याचे डिपुटी साहेब शाळा बघायला येणार. त्यांना दाखवायला एक फळा करायचा — "शिक्षकांचा परिचय". कोण किती शिकलं, आधी काय करत होतं, कशाची आवड आहे. अक्षर माझं चांगलं, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात.

नारायणराव सांगत गेले, मी लिहीत गेले. नारायणराव स्वतः — बी. ए., सरकारी हायस्कुलातले माजी असिस्टंट मास्तर, संस्थापक. आवड: आकाशदर्शन. भगवानराव — वकिलीची परीक्षा पास, कोर्टावर बहिष्कार टाकून आलेले. आवड: नाटक. शालिग्राम — मॅट्रिक, आपल्याच स्टेशनावरचे माजी तिकीटबाबू. आवड: गायन व पेटी. निवृत्ती पहिलवान — माजी पोलीस शिपाई. आवड: कुस्ती व सूतकताई.

मग माझ्यावर आले. "अंबूबाई — मुलींकडे लक्ष ठेवतात." आणि पुढचा कागद मागितला!

म्हटलं, "आणि शिक्षण? ट्रेनिंग?"

"त्याची आता काय गरज बाई."

"आणि आवड?"

भगवानराव हसले. "आवड म्हणजे... स्वयंपाक वगैरे लिहा की."

स्वयंपाक! मले भाकरी थापता येते ती गोल येत नाही हे सगळ्या शाळेला माहीत आहे. (राग आला की मी वऱ्हाडीत जाते. नारायणराव म्हणतात, बाई, पोरींसमोर 'मले, तुले' नको. पुण्याला शिकले ना ते! जाऊ दे, ही वही त्यांची नाही.)

लिहिलं. अक्षर मात्र मुद्दाम वाकडं काढलं.

ता. ४, सोमवार.

फळा टांगला. पोरींनी वाचला. कोकिळा म्हणते — "बाई, तुमची आवड लिहाची राह्यली."

ता. ६, बुधवार.

आवड! ऐका मग, वहीबाई, तुम्हीच ऐका. माझी आवड नकाशा.

ही शाळा कापसाच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात भरते. कोपऱ्यात अजून सरकी पडलेली असते. मी ती पोरींकडून वेचून घेते आणि जमिनीवर सगळा वऱ्हाड मांडते. पूर्णा नदी, नळगंगा, वर सातपुडा — त्याला ढिगारा करावा लागतो. मग विचारते, सांगा, तुझी मावशी कुठं दिली? आत्या कुठं दिली? आईचं माहेर कुठलं? पोरगी उठते, सरकीच्या नदीवरून उडी मारते आणि धाड गावावर जाऊन उभी राहते. दुसरी संग्रामपूरला. मग मी विचारते, इथून तिथं जायला कोणत्या दिशेला तोंड करशील? वाटेत कोणती नदी लागेल? आगगाडी कुठपर्यंत नेईल? अशी शिकवते मी भूगोल. ट्रेनिंगला असं कोणी शिकवलं नाही, हे माझं मीच काढलं.

शेवटचा तास इथं "हौसेचा तास" असतो. छडी नाही, परीक्षा नाही, आणि शेवटच्या तासाला ज्या मास्तरला जे आवडतं ते तो शिकवतो. ही आपली प्रतिज्ञाच आहे. नारायणराव दुपारच्या उन्हात तारे शिकवतात — फळ्यावर ठिपके काढून. भगवानराव पोरांना तलवारी देऊन ओरडायला लावतात. शालिग्रामची पेटी. निवृत्ती पहिलवानाचा आखाडा, त्यात धूळ इतकी की माझ्या पोरी शिंकत बसतात.

आणि माझा नकाशा पुसायचा! काऊन? तर शेवटच्या तासाला जागा लागते!!

ता. ९, शनिवार.

आशाबाई — नारायणरावांची बायको — रोज दुपारी चहा आणून ठेवते नि जाते. पदर दातांत धरलेला. इतकी वर्षं झाली, वर्गाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. नवरा जगाला स्त्रीशिक्षणाचं व्याख्यान देतो, बायको चुलीपुढे. आज मी म्हटलं, "या ना आत, दोन अक्षरं शिका."

"कायले बाई," म्हणाली आणि कपबश्या घेऊन गेली. संग्रामपूरच्या बड्या घरची पोर, पण अशी दबलेली. मला अशा बायांचा राग येतो. नवऱ्यानं टाकलं म्हणून रडत बसले असते तर मीही आज अशीच असते. माझा बाप धाडजवळ भाजीपाला पिकवणारा माळी. त्यानं मला उचलली आणि अमरावतीला ट्रेनिंगला नेऊन घातली. गाव थुंकलं. बाप म्हणाला, थुंकू दे, वांग्याला पाणी लागतेच.

ता. १२, मंगळवार.

उद्या डिपुटी साहेब. गोदाम झाडलं. पहिलवानानं दारावर आंब्याची पानं बांधली. इतक्या जोरात बांधली की चौकटीची पट्टीच निघून आली.

ता. १३, बुधवार.

आज घडलं ते सगळं लिहिते.

डिपुटी साहेब आले. बरा माणूस, गोड बोलणारा. पोरांचं सूत बघितलं, पोरींचे पाढे ऐकले. परिचयाचा फळा वाचला. मग खुर्चीत बसून म्हणाले, "ठीक आहे. आता दाखले बघू."

मी मनात हसले. म्हटलं आता नारायणराव सांगतील — साहेब, आमचे दाखले नाहीत! आम्ही जाळले! सन एकवीसच्या होळीला, मलकापूरच्या भर चौकात, हजारो माणसांसमोर, सरकारी दाखले अग्नीत टाकले आम्ही! गुलामीचे कागद!

तो दिवस मी कशी विसरीन? आदल्या दिवशी नारायणरावांनी सगळ्यांचे दाखले गोळा केले होते. म्हणाले, मी नीट गुंडाळून, लाल धाग्यानं बांधून, ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लावून देतो, सोहळा शोभला पाहिजे. होळीपुढे ताटात सगळ्या सुरळ्या मांडल्या होत्या. ज्याची त्यानं उचलायची आणि टाकायची. मी माझी उघडून बघितली नाही. बघितली असती तर टाकवली नसती. माझ्या बापानं रात्रीच्या रात्री पाणी देऊन पिकवलेली वांगी होती ती, मिरच्या होत्या, मेथी होती. टाकली मी! लोकांनी जयजयकार केला. निवृत्ती पहिलवानाकडे दाखला नव्हता, त्यानं कमरेचा पोलिसाचा पट्टा काढून टाकला, त्या चामड्याचा घाण वास सुटला. मी घरी जाऊन उपाशी झोपले आणि तरी मला वाटलं, आज माझा जन्म झाला.

बरं. तर डिपुटी म्हणाले दाखले बघू. आणि नारायणराव म्हणाले —

"घरी आहेत. मागवतो."

घरी आहेत!

मला वाटलं मला ऐकू नीट आलं नाही. नारायणरावांनी घरून आणवले. भगवानराव स्वतःच घरी जाऊन घेऊन आले. शालिग्रामनं तर कोटाच्या खिशातूनच काढला! एकेक टेबलावर पसरला. मोहोर, सही, शिक्का. स्वच्छ. एक कोपरा जळालेला नाही की धुराचा डाग नाही.



डिपुटी साहेब सगळे वाचून म्हणाले, "बी. ए. आहेत, वकील आहेत, मॅट्रिक आहेत. पण ट्रेनिंग झालेलं कोणी नाही? नियम आहे. एक तरी ट्रेन्ड शिक्षक पाहिजे. नाहीतर ग्रँट नाही."

मग शालिग्राम हळूच म्हणाला, "ह्या बाईंचं झालं आहे ना... अमरावतीला."

"छान! दाखला?"

मीच बोलले. "जाळला साहेब. होळीत."

डिपुटी साहेबांनी नारायणरावांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि समोरचे तीन कोरे करकरीत दाखले पाहिले. हसू दाबलं त्यांनी. मी पाहिलं. "महिनाअखेरपर्यंत काय ते करा," म्हणाले आणि गेले.

ता. १३, तोच दिवस. पुन्हा.

लिहून राग जात नाही. शाळा सुटल्यावर मी दार लावून घेतलं आणि तिघांना विचारलं. विचारलं म्हणजे ओरडले. गोदामाच्या पत्र्यात आवाज घुमला. घुमू दे.

नारायणराव म्हणे, "बाई, भावनेचा प्रश्न नाही हा." भगवानराव म्हणे, "कायद्यानं बघितलं तर प्रतीक जाळणं नि वस्तू जाळणं—" कायदा! ह्याचा कायदा गेला चुलीत!

शालिग्रामनं सांगून टाकलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, पेटीच्या भात्यासारखा आहे तो. म्हणाला, "आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं नारायणरावांच्या ओसरीवर बसलो. मला धीर होईना. घरी म्हातारी आहे, बहिणी आहेत. मग भगवानराव म्हणाले, कोरे कागद गुंडाळू. कोण उघडून बघतो?"

"आणि माझा?"

नारायणराव टेबलावरचे दाखले गोळा करू लागले.

"माझा काऊन नाही बदलला? बोला ना! माझा खरा काऊन ठेवला ताटात?"

भगवानराव म्हणाले, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आरडाओरडा केला असता."

आरडाओरडा! म्हणजे मी आरडाओरडा करीन म्हणून माझं आयुष्य जाळू दिलं! डोळ्यांदेखत! ताट पुढे केलं नारायणरावांनीच, "घ्या अंबूबाई, प्रथम मान तुमचा" — पहिला मान मला दिला होता. आठवलं आता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कोरडे कशाचे, कोरे! कोऱ्या कागदाचे!

आशाबाई चहा घेऊन दाराबाहेर उभी होती. सगळं ऐकलं असणार. मी तिच्या अंगावरही ओरडले, "तुमच्या घरात झालं हे! तुम्हाला माहीत होतं ना?" ती पांढरीफटक पडली. चहा खाली ठेवून पळाली. तिचं काय चुकलं म्हणा. नवऱ्यानं बस म्हटलं की बसणारी बाई.

ता. १४, गुरुवार.

शिकवलं नाही. पोरींना सरकी वेचायला लावली नि बसून राहिले.

ता. १५, शुक्रवार.

आज त्यांचं धाडस बघा. नारायणराव घरी आले. खाली बसले! चटईवर! आजवर कधी बसले नव्हते. म्हणाले, "बाई, अमरावतीच्या ट्रेनिंग शाळेतून दाखल्याची नक्कल मिळते. मी चौकशी केली आहे. फक्त एक आहे..."

"काय?"

"चळवळीत जाळलेल्यांना माफी लिहून द्यावी लागते. झालं ते चुकून झालं, पुन्हा अशा कामात भाग घेणार नाही, असं."

ज्यांनी जाळले नाहीत त्यांना माफी नाही. जिनं जाळला तिनं माफी मागायची — त्यांच्यासाठी!

"तुम्ही मागा," म्हटलं.

"मी कशाची मागू? माझा तर..." आणि जीभ चावली.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी म्हणतात. म्हणजे गाढव मी! दार दाखवलं त्यांना.

ता. १७, रविवार.

भगवानराव येऊन गेले. नाटकी आवाज. "शाळेसाठी त्याग करा." एवढा त्याग करायचा तर आधी माझा त्याग परत द्या.

ता. १८, सोमवार.

शालिग्राम आला. रडला. रडणाऱ्या पुरुषाचं काय करायचं ते ट्रेनिंगला शिकवत नाहीत. पाणी दिलं.

ता. १९, मंगळवार.

निवृत्ती पहिलवान तेवढा आला नव्हता. मीच गेले आखाड्यावर. म्हटलं, ह्या अख्ख्या शाळेत खरं जाळणारे दोघंच — एक मी, एक तुम्ही. आजवर मी तुम्हाला धुळीवरून बोलत आले, माफ करा.

पहिलवान सूत कातत बसला होता. एवढा मोठा पंजा नि धागा केसासारखा. आधी पोलिसात होता तेव्हा त्याच पंजानं माणसं बडवायचा, स्वतःच सांगतो. म्हणूनच आता पोरांवर हात उचलला की त्याला घाम फुटतो.

ऐकून घेतलं सगळं. मग मान खाली घालून म्हणाला, "बाई, तुमाले खरं सांगू का? पट्टा जाळला तो खराच. पण पुढच्याच साली मी नोकरी परत मागाले बुलढाण्याले ठाण्यात गेलतो. माफी लिहून देली होती. अंगठा बी देला, सही बी केली. त्याईनं घेतलं नाई."

"माफी लिहिली?"

"हाव. लेकरं उपाशी होती. मंग नारायणरावनं इथंच ठेवून घेतलं."

मी घरी आले. रागावता आलं नाही त्याच्यावर. पण आता मी एकटीच उरले. मलकापूरच्या त्या सगळ्या होळीत खरं सोनं टाकणारी आणि परत न मागणारी मी एकटी! वाटलं, एकटी तर एकटी. कोणाच्याही तोंडावर सांगू शकते.

ता. २१, गुरुवार.

भगवानरावांनी तोड काढली म्हणे. खामगावहून एक ट्रेनिंग झालेला मास्तर आणायचा. तो येईल, ग्रँट मिळेल. पण त्याला पगार द्यायचा तर एक वर्ग कमी करावा लागेल.

कुठला ते सांगायला नको.

"मुलींना तात्पुरतं घरी बसवू, बाई. पुढे बघू." पुढे बघू! पोरगी एकदा घरी बसली की पुढे फक्त मांडव बघते.

ता. २३, शनिवार.

रुखमाबाई आली होती — कोकिळेची आई. जिनात कापूस निवडते, अंगावर सगळा कापूस. दारातूनच म्हणाली, "बाई, पोरींचा वर्ग बंद होऊन राह्यला म्हनते, खरं काय?"

"कोणी सांगितलं?"

"गाव सांगते." मग म्हणाली, "बंद झाला त आपल्या संगं जिनात नेतो तिले. मुकादम म्हनते, लहान हाताले सरकी चांगली निवडता येते."

सरकी! माझ्या नकाशावरून उड्या मारणारी पोर!

"नका नेऊ," म्हटलं.

"मंग काय करू? घरात एकटी ठेवू? तुमीच सांगा."

काय सांगू! माझ्या इमानाची गोष्ट सांगू? ती गोष्ट मी दर होळीला पोरींना सांगते. कोकिळेला तोंडपाठ आहे. "मग बाईनं आपला दाखला आगीत टाकला आणि मागं वळून पाह्यलं नाही!" हात वर करून सांगते ती, मी करते तसा. त्या इमानापायी ती आता जिनात जाणार, कापूस छातीत भरून खोकणार. आणि मी इथं ताठ मानेनं बसणार. कोणासाठी?

मले माझाच राग आला आज.

ता. २४, रविवार.

ठरलं. जाईन अमरावतीला. लिहीन माफी. पण आधी तिघांना बोलावून सांगितलं: पोरींचा वर्ग बंद होणार नाही, हे महादेवराव शेठसमोर कबूल करा. हौसेच्या तासाला माझा नकाशा पुसायचा नाही. आणि तो फळा उतरवा, मी नवा लिहीन. नारायणरावांनी सगळ्याला हो म्हटलं. अडलेला माणूस किती लवकर हो म्हणतो!

भगवानरावांनी माफीचा मसुदा सांगितला, मी लिहिला. "माझ्याकडून अविचाराने..." इथपर्यंत आले नि टाक मोडला. नवा टाक आणला. "अविचाराने घडलेल्या कृत्याबद्दल मला मनापासून खेद आहे." खेद! माझ्या अक्षरात! बाप असता तर काय म्हणाला असता? नाहीच म्हणाला असता काही. उठून मळ्यात गेला असता.

ता. २६, मंगळवार.

शुक्रवारच्या गाडीनं निघायचं. बडनेऱ्याला उतरून पुढे अमरावती. शनिवारी डिपुटी साहेब परत येणार, पण ट्रेनिंग शाळेची पोच असली तरी चालेल म्हणाले.

पोरींना सांगितलं, गावाला जाते. "कुठल्या दिशेला, बाई?" "पूर्वेला." सगळ्यांनी बोट केलं. बरोबर केलं.

ता. २८, गुरुवार.

सकाळी भांडी घासत होते. मागच्या दारानं आशाबाई आली. डोक्यावरून पदर, हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं वाटेसाठी शिदोरी आणली. म्हटलं ठेवा तिथं. माझा सूर कडूच होता.

ती ठेवेना. दार लोटलं तिनं. म्हणाली, "बाई, अमरावतीले जाऊ नका."

"काऊन? तुमच्याच मालकांनी पाठवलं."

तिनं लुगडं सोडलं.

माझा दाखला.

माझंच नाव. माझ्याच ट्रेनिंगच्या बाईंची सही. आणि कोपऱ्याला हळदीचा डाग — बापानं दाखला आणला त्या दिवशी आधी कागदालाच हळद लावली होती, मग मला. तो डाग मी झोपेत ओळखीन.

मी खालीच बसले. राखेचे हात तसेच.

आशाबाई भिंतीकडे तोंड करून सांगत होती. इतकं ती कधीच बोलली नव्हती. "ते तिघं ओसरीवर बसले होते. कोरे कागद कापून राह्यले होते. मी च्या घेऊन गेली त गप झाले. मंग समजलं मले. आपले आपले काढून घेतले त्याईनं, अन् तुमचा तेवढा खरा ठेवला ताटात. मले लई राग आला, बाई. मनलं, या बाईमानसाचंच काऊन जळावं? तिच्या मागं कोन हाय? मी भिंतीच्या देवळीतलं मागच्या सालचं पंचांग फाडलं, त्याची सुरळी केली, तुमच्या नावाची चिठ्ठी तिले बांधली."

पंचांग! जयजयकारात मी पंचांग जाळलं होतं!

"मग सांगितलं का नाही? इतकी वर्षं!"

"आली होती. धुळवडीलेच आली होती सांगाले. तुम्ही पोरीईले सांगून राह्यल्या होत्या... कसा टाकला, कसं मागं नाही पाह्यलं. तुमचं तोंड इतकं फुललं होतं! माझी जीभच उचलली नाही. मंग दर सालीच तुम्ही सांगत गेल्या. मले वाटे, आता सांगतलं त बाई मरून जातील."

मी ह्या बाईला दबलेली म्हणत होते. त्या दिवशी तिच्या अंगावर ओरडले, तरी तिनं तोंड उघडलं नाही.

मग तिनं माझे राखेचे हात धरले. "ह्याईले सांगू नका. मी ताटातला कागद बदलला, त्याईच्या गोष्टी ऐकल्या — हे समजलं त मले घरात ठेवनार नाईत. संग्रामपूरले धाडून देतील."

गेली. मी रडले. राग येऊन रडले की कशानं, कळलं नाही. राग तरी कोणाचा धरू? सगळ्यांना खोटे म्हणत बसले आणि आगीत माझंही खरं काही नव्हतंच. मला माहीत नव्हतं एवढंच.

दुपारी बसून विचार केला. उद्या गाडीत बसले, तर जे जाळलंच नाही त्याची माफी सरकारला लिहून द्यायची. माझं नाव गावात तसंच राहील: बाईनं खरा जाळला होता. आणि हा दाखला टेबलावर ठेवला, तर माफी नको, अमरावती नको, वर्ग वाचला. पण मग सगळे म्हणणार, हिनंही लपवून ठेवला होता! खरं सांगितलं तर आशाबाईचं घर जाईल.

सरकारपुढे नाक घासायचं की ह्या तिघांपुढे?

ता. २९, शुक्रवार.

गाडी गेली. मी गेले नाही. माफीचा कागद चुलीत घातला. लगेच पेटला.

ता. १ मार्च, शनिवार.

डिपुटी साहेब आले. दाखला टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि लिहून घेतला. वर्ग राहिला.

भगवानराव टाळी वाजवून हसले. "म्हणजे बाई, तुम्हीसुद्धा!" नारायणराव दाखला उलटसुलट करून बघू लागले. खिडकीशी माझ्या पोरी उभ्या होत्या. आशाबाई चहाचं ताट घेऊन दारात. ताटातल्या कपबश्या वाजत होत्या.

मी म्हटलं, "हो. मीसुद्धा."